खिडकीएवढा काळोख

पाना आणि त्याचा मेहुणा यांचं भांडण जुनं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

पाना हे स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. खिशात कायम पाना-पक्कड, नखांत रंग, शर्टाच्या बाहीला डिंक. चित्रपटांसाठी तो लहान प्रतिकृती करायचा. बुडणारी बोट, कोसळणारा पूल, आणि त्याच्या सगळ्यात आवडीचं म्हणजे अंतराळयान. त्याला तो जहाज म्हणे. मेहुणा दिग्दर्शक. मैत्री आधीची, सोयरीक नंतरची, त्यामुळे मानपान खुंटीला टांगलेला आणि अरे-तुरे कायम. पान्याची बहीण दिग्दर्शकाने केली. तिला घरी धाकटी म्हणत, म्हणून स्टुडिओतही ती धाकटीच झाली. नवऱ्याच्या चित्रपटांत ती काम करी आणि भावाच्या कारखान्यात बसून चहा पिई.

भांडणाचा विषय एकच. अंतराळाच्या चित्रपटात मोठं कोण, माणूस की यंत्र?

दिग्दर्शकाचं म्हणणं, "आकाशात कितीही लांब पाठव, माणूस रडणार तो घरच्याच आठवणीने. मला एक टेबल दे, एक दिवा दे, दोन चांगले नट दे. परग्रह मी त्यांच्या तोंडावर दाखवतो." आणि त्याने तसा एक चित्रपट काढलाही होता. त्यातल्या यानाचा दरवाजा म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राचं झाकण होतं, हे पान्याने पहिल्याच खेळाला ओळखलं आणि थिएटरात मोठ्याने सांगितलं. दिग्दर्शक त्यानंतर आठवडाभर बोलत नव्हता.

पान्याचं म्हणणं वेगळं. "यंत्र खोटं दिसलं की त्यातला माणूसही खोटाच वाटतो. लोखंडाला वजन पाहिजे. ते वळलं की पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला पाहिजे. मग तुझी नटी रडो नाहीतर हसो." त्याला आवडणाऱ्या चित्रपटांत माणसं मुंगीएवढी असत आणि यंत्रं संथपणे, कोणाची पर्वा न करता समोरून जात. दिग्दर्शक म्हणे, तसल्या चित्रपटांत झोप छान लागते.

धाकटी दोघांचं ऐकून घेई आणि म्हणे, "तुम्ही दोघं एकदा एकमेकांशी लग्नच करून टाका."

शेवटी दोघांनी मिळून एक चित्रपट करायचा घाट घातला. गोष्ट साधी होती. एक बाई एका जहाजाची राखणदार. जहाज इतक्या लांब निघालंय की ते परतणार नाही, आणि तिला ते ठाऊक आहे. शेवटच्या दृश्यात ती खिडकीशी उभी राहून मागे राहिलेल्या जगाकडे पाहते. बस. बाहेरून जहाज दिसायचं, आणि खिडकीत तिचा चेहरा.

हे करायचं कसं, तर त्या काळी एकच चांगला मार्ग होता आणि पान्याने तोच धरून ठेवला. फिल्मची एकच पट्टी कॅमेऱ्यातून दोनदा न्यायची. एका खेपेला अंधारात फक्त चेहरा, फ्रेममध्ये खिडकी जिथे येणार तेवढ्याच जागेत. मग फिल्म मागे गुंडाळायची, जहाज समोर मांडायचं, त्याच्या खिडकीत काळं मखमल लावायचं आणि तीच फिल्म पुन्हा चालवायची. काळ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे चेहरा शाबूत राहतो आणि त्याच्याभोवती जहाज येतं. दोन्ही खेपा झाल्या की मगच फिल्म धुवायची. तोवर काय उमटलंय ते कोणालाच दिसत नाही. आणि दुसरी खेप चुकली, दिव्याची एक तिरीप जरी मखमलावर पडली, तरी पहिलीही गेली. दोन वेगळ्या फिल्म नंतर जोडून देणारं यंत्र तिथल्या लॅबमध्ये नव्हतं. "असलं तरी मी तिच्या चेहऱ्यावर वाळू पडू देणार नाही," पाना म्हणाला होता. जोडलेलं चित्र दाणेदार होतं, त्याला तो वाळू म्हणे.

चेहऱ्याचं चित्रण ठरलं त्या दिवशी दोन्ही खेपा व्हायच्या होत्या. पण जहाज तयार नव्हतं. म्हणजे इतर कोणाच्याही मते ते कधीच तयार होतं. पान्याला जहाजाच्या पाठीवरचा रंग फार नवा वाटत होता, म्हणून त्याने तो तिसऱ्यांदा खरवडला. "ठीक आहे," दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "आज चेहरा घेतो. तुझी सोन्याची लंका सजली की सांग."

रंगभूषेच्या खुर्चीत बसलेल्या धाकटीने पान्याला जवळ बोलावलं. "दादा, एक ऐक. ह्यांना माझा चेहरा पडदाभर हवाय. मला नकोय. पडदाभर चेहरा भिंतीवरच्या तसबिरीला असतो. मला तुझ्या जहाजात बसायचंय. लहानपणापासून बघतेय, सगळं करतोस आणि आत कोणालाच बसवत नाहीस."

"बसवतो, बसवतो. हलू नकोस, तुझं नाक रेघेच्या बाहेर जातंय," पाना म्हणाला. त्याचं लक्ष कॅमेऱ्याच्या काचेवर आखलेल्या खिडकीच्या रेघांकडे होतं.

चित्रण झालं. दिग्दर्शकाने तिला एवढंच सांगितलं की मागे राहिलेल्यांतलं तुझं सगळ्यात जवळचं माणूस बघ. पाना कॅमेऱ्याच्या डावीकडे वाकून आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर नजर लावून बसला होता. फ्रेमा मोजणं हे त्याचं काम. दुसऱ्या खेपेला सूर्य, म्हणजे रुळावरचा दिवा, कोणत्या आकड्याला हलवायचा ते त्यावर ठरणार होतं. चित्रण संपलं तरी कोणी दिवा विझवायला पुढे झालं नाही. पान्याने मान वर केली आणि म्हणाला, "छान. आता अशाच आणखी दोन पट्ट्या. एक बिघडली तर हाताशी असाव्यात."

"नाही," दिग्दर्शक म्हणाला. "पुन्हा केलं तर तो अभिनय होईल."

तर अशी ती एकच पट्टी उरली. एकाने जहाज वेळेवर दिलं नाही, दुसऱ्याने पुन्हा करू दिलं नाही. दोघेही आपापल्या धर्माला जागले, आणि दोघांचंही चुकलं.

तीन आठवड्यांनी धाकटी गेली. दुपारी जरा पडते म्हणून आत गेली, ती उठलीच नाही. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. कधी काही दुखतंय असं ती बोलली नव्हती. बोललीही असेल, पण त्या घरात ऐकायला मोकळं कोण होतं?

पत्र्याचा तो डबा पान्याच्या कारखान्यातल्या थंड कपाटात होता. त्यावर चिकटपट्टी आणि पान्याच्याच अक्षरात लिहिलेलं, 'अर्धवट. उघडू नये.' आत धाकटीचा शेवटचा चेहरा होता आणि तो अजून जगात कोणी पाहिलेला नव्हता.

पंधरवड्याने दिग्दर्शक कारखान्यात आला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. तो जहाजाकडे न बघता स्टुलावर बसला.

"डबा दे," तो म्हणाला. "लॅबमध्ये नेतो."

"अजून जहाजाची खेप राहिलीय."

"राहू दे. फिल्म आहे तशी धुऊन घेऊ. काळ्यात नुसता चेहरा येईल. लहान येईल, पण येईल. पुढे-मागे मोठाही करता येईल."

"आणि चित्रपट?"

"चुलीत गेला चित्रपट. तू दुसरी खेप करणार, तुझा हात हलणार, नाहीतर एखादा दिवा फुटणार, आणि ती पुन्हा जाणार. एकदा गेली तेवढं मला पुरे झालं."

पान्याने हात खिशात घातला. त्याचा हात हलत नसे हे दोघांनाही ठाऊक होतं. पण हल्ली हलत होता, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

पान्याची आई कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. लेक गेल्यापासून ती घरात एकटी राहत नसे, मुलाबरोबर कारखान्यात येऊन बसे. ती म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचंय रे. तुमचं ते जहाजबिहाज मला कळत नाही. ज्यात माझी मुलगी आहे ते मला दाखवा, बाकी तुमचं तुम्ही पाण्यात घाला."

"आई, ती म्हणाली होती..."

"ती काय म्हणाली होती ते तू ऐकलंस तरी का?" दिग्दर्शक एकदम उसळला. "तू वर पाहिलंस का त्या दिवशी? एकदा तरी? मी तिला म्हणालो, सगळ्यात जवळचं माणूस बघ. मला वाटलं माझ्याकडे बघेल. मी उजवीकडे उभा होतो, अगदी दिव्याखाली. ती तुझ्याकडे बघत होती. पूर्ण वेळ तुझ्याकडे. आणि तू आकडे मोजत होतास."

एवढं बोलून तोच घाबरला. असं काही मनात आहे हे त्याने स्वतःलाही सांगितलं नसावं. तो उठला आणि चपला उलटसुलट घालून निघून गेला.

पान्याला त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आजवर त्याला फिल्म न धुता ठेवायची होती. आता त्याच्याइतकी घाई कोणाला नव्हती. मेहुण्याने निदान तिला पाहिलं तरी होतं. याने काय पाहिलं? आकडे. ती आपल्याकडे कशी बघत होती, रागाने की मायेने, ते त्या डब्यात होतं, आणि लॅबमध्ये नेऊन दिला तर संध्याकाळपर्यंत कळणार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने डबा काळ्या पिशवीत घातला आणि लॅबची वाट धरली. लॅब दोन गल्ल्या सोडून, एका छापखान्याच्या मागे. दाराशी नेहमीसारखा औषधाचा आंबूस वास. खिडकीतून लॅबवाल्याने हात पुढे केला. "द्या, दुपारी घेऊन जा."

पान्याने पिशवी पुढे केली आणि सोडली नाही. लॅबवाला एका बाजूने ओढतोय, हा दुसऱ्या बाजूने. चांगला दांडगा माणूस, पण पिशवीला धरून लहान पोरासारखा उभा. आयुष्यभर ती काहीतरी बोलत आली आणि आपण 'हो, हो' म्हणत हातातलं काम करत आलो. एकदाच तिने मागितलं, मला आत बसव. तेही ऐकायचं नाही? आणि का, तर आपल्याला बघायची घाई झालीय म्हणून? त्याला स्वतःची लाज वाटली. "अजून व्हायचंय," तो लॅबवाल्याला म्हणाला आणि उलट्या पावली परतला.

तसाच तो बहिणीच्या घरी गेला. दिग्दर्शकाने दार उघडलं. पान्याने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं: रंगभूषेची खुर्ची, तसबीर, आत कोणालाच बसवत नाहीस. दिग्दर्शक भिंतीला टेकून ऐकत राहिला.

"मला पडदाभर नको, असं म्हणाली?" त्याने विचारलं.

"असंच म्हणाली."

"माझ्याशी कधी बोलली नाही."

"तुझ्याशी बोलली असती तर तू पडदाभरच घेतला असतास," पाना म्हणाला. यात टोमणा नव्हता, आणि मेहुण्यालाही तो लागला नाही.

संध्याकाळी आईला विचारलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "जिवंतपणी तिचं कोणी ऐकलं नाही. आता तरी ऐका. बिघडलं तर बिघडलं. मी काही तिचं तोंड विसरणार नाहीये."

दुसऱ्या खेपेचा दिवस ठरला. कारखान्याच्या खिडक्यांना काळी कापडं लावली. खाटेएवढं जहाज काळ्या दांड्यावर बसवलं. टंकयंत्राचे दात, तुटक्या कंगव्यांचे तुकडे, घड्याळांची पोटं, असल्या भंगारातून केलेलं. पण दिवा लागला की त्याला खरोखर वजन येई. पान्याने खिडकीतलं मखमल स्वतः बसवलं, कडा बोटाने दाबल्या, मग काच लावून तपासल्या, मग पुन्हा दाबल्या. फिल्म अंधारात कॅमेऱ्यात चढवून खुणेपाशी आणली. दिवेवाला रुळाजवळ उभा राहिला. हा माणूस पान्याबरोबर वीस वर्षं काम करत होता, आणि आज त्याने आल्यापासून एकही विनोद केला नव्हता.

दिग्दर्शक दारात उभा होता. प्रतिकृतीच्या चित्रणाला तो जन्मात कधी आला नव्हता.

"ये," पाना म्हणाला. "इथे बस. आकडा तू बघ."

"मी? मला नाही जमणार."

"न जमायला काय झालं? अंक वाचता येतात ना? शंभरावर आला की याला 'चल' म्हणायचं. हा दिवा सरकवेल. तोवर जहाज अंधारात."

"आणि तू काय करणार?"

"त्या दिवशी मी मोजलं, तू बघितलंस. आज तू मोज."

दिग्दर्शक वाकून बसला. पाना कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला, हात मागे बांधून, म्हणजे थरथरले तरी कशाला लागू नयेत. कॅमेरा सुरू झाला. त्याची घरघर सोडली तर कारखान्यात दुसरा आवाज नव्हता. पाना जहाजाच्या खिडकीकडे बघत होता. तिथे काही नव्हतं. होतं ते तळहाताएवढं, त्यानेच कापलेलं, त्यानेच चिकटवलेलं काळं कापड. त्या कापडाच्या जागी ती आहे, या क्षणी तीच फिल्म तिला घेऊन पुढे सरकतेय, हे त्याला माहीत होतं, आणि तो पापणी न हलवता तिकडे बघत राहिला. बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवली. आईने खाटेवर हात जोडले.

शंभर आला आणि गेला. दिग्दर्शकाची नजर आकड्यावर नव्हती. ती पान्याच्या चेहऱ्यावर खिळली होती. दिवेवाल्याने एकदा खाकरून पाहिलं, पण हुकमाशिवाय हात लावायचा नाही ही त्याची शिस्त. एरवी पान्याने अशा चुकीला आकाशपाताळ एक केलं असतं. आज त्याच्या लक्षातही आलं नाही. मग दिग्दर्शक दचकला, खाली बघून "चल, चल!" म्हणाला, आणि दिवा हळूहळू रुळावरून निघाला.

फिल्म धुऊन आली ती लॅबच्या छोट्या खोलीत पाहिली. चार खुर्च्या, भिंतीवर पसरलेल्या हातांत मावेल एवढा पडदा. आई, मेहुणा, पाना आणि मागे यंत्राशी लॅबवाला.

आधी नुसतं काळं. मग त्या काळ्यात चेहरा. वाचला होता. आईने "अगं बाई" एवढंच म्हटलं आणि तोंडावर हात धरला. दिवा उशिरा निघाल्यामुळे जहाज कुठेच नव्हतं. अथांग काळोख, आणि त्यात एकटी धाकटी, डावीकडे जरा खाली बघणारी.

आणि पान्याला दिसलं, ती वाट बघत होती. राखणदार बाई वगैरे काही नाही. आपला भाऊ मान वर करतो का, याची ती वाट बघत होती. भुवया किंचित उचललेल्या, ओठ आता बोलतील असे. बराच वेळ तशीच. मग तिच्या लक्षात आलं की हा काही बघणार नाही, आणि ती हसली. राग नव्हता त्यात. जेवायला तीनदा हाक मारून भाऊ उठला नाही की ती ताट घेऊन कारखान्यात येई आणि भंगार बाजूला सारून ठेवी, तेव्हा हसे तशी. त्या हसण्यावर प्रकाशाची कड आली. खिडकीची चौकट उजळली, मग जहाजाची पाठ, मग सबंध जहाज तिच्याभोवती उभं राहिलं, प्रचंड आणि जड, आणि ती त्याच्या आत बसलेली होती.

पडदा पांढरा झाला.

"माझ्यामुळे दिवा उशिरा निघाला," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "इतकी मेहनत घेतलीस, आणि तुझं जहाज अर्धा वेळ दिसतच नाही. कापू का सुरुवातीचं?"

पान्याने मान हलवली. "एक फ्रेम कापायची नाही," तो म्हणाला. मग मागे वळून लॅबवाल्याला म्हणाला, "पुन्हा लाव."

पडद्यावरच्या माणसाची नजर आपण खुर्ची बदलली म्हणून आपल्याकडे वळत नाही. ती जिकडे असेल तिकडेच राहते, खोलीत कुठेही बसा. धंद्यातल्या कोणालाही हे ठाऊक असतं, आणि पान्याला तर ते पाठच होतं. तरी खोलीत अंधार झाला तसा तो उठला आणि चाचपडत डावीकडच्या शेवटच्या खुर्चीत जाऊन, मान वर करून बसला.